काय बातमी, कोणती बातमी

मे 1930. चार तारखेची मध्यरात्र उलटली आणि दांडीजवळच्या कराडी गावी गांधीजींना अटक झाली. ही बातमी सोलापुरात येऊन धडकली तसे गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. 8 मे रोजी गोळीबार झाला आणि 12 मे रोजी शहरात लष्करी कायदा पुकारला गेला. सोलापुरात हा इतिहास शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो. तोच इतिहास इंग्रजीत सांगायला बसलं तर पहिलं वाक्य साधारण असं होईल:

"द न्यूज दॅट गांधी हॅड बीन अरेस्टेड रीच्ड सोलापूर."

आणि त्यामागोमाग कदाचित हे येईल:

"द न्यूज दॅट सोलापूर हर्ड वॉज ट्रू."

वरवर पाहिलं तर दोन्ही वाक्यं एकाच साच्यातली. आधी 'द न्यूज', मग 'दॅट', मग एक छोटं वाक्य आणि शेवटी मुख्य क्रियापद. परीक्षेत 'अधोरेखित उपवाक्याचा प्रकार ओळखा' असा प्रश्न आला की मुलं इथेच फसतात. 'दॅट' दिसलं की डोळे मिटून 'विशेषण वाक्य' लिहून मोकळी होतात, आणि निम्म्या वेळा गुण जातात.

पहिल्या वाक्याला विचारा: काय बातमी? उत्तर लगेच मिळतं: गांधींना अटक झाली. दुसऱ्या वाक्याला तोच प्रश्न विचारा. 'सोलापूरने ऐकली' ही काही बातमी नव्हे. सोलापूरने नेमकं काय ऐकलं, हे त्या वाक्यातून कळतच नाही. अनेक बातम्यांपैकी आपण कोणत्या बातमीबद्दल बोलतोय, एवढंच ते सांगतं. पहिलं उपवाक्य बातमीचा मजकूर सांगतं, दुसरं बातमीची ओळख पटवतं. मजकूर सांगणारं जे उपवाक्य, त्याला इंग्रजीत अपॉझिटिव्ह क्लॉज म्हणतात. मराठीत त्याला समानाधिकरण उपवाक्य म्हणता येईल. ओळख पटवणारं ते रिलेटिव्ह क्लॉज, म्हणजे आपलं 'जो-तो'चं विशेषण वाक्य.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. बोलताना आपण 'कोणती बातमी?' या प्रश्नालाही 'अटकेची' असं उत्तर देऊन जातो. म्हणून कसोटी 'काय'ची लावावी. उपवाक्य एकटंच उचललं आणि ते 'काय?'चं पूर्ण उत्तर झालं, तर ते समानाधिकरण.

शेजारी बसलेलं नाम

समानाधिकरण ही कल्पना नामांपासून सुरू होते. "डॉक्टर कोटणीस, अ सन ऑफ सोलापूर, वेंट टु चायना इन 1938." इथे 'डॉक्टर कोटणीस' आणि 'अ सन ऑफ सोलापूर' ही माणसं दोन नाहीत. एकाच व्यक्तीचे हे दोन उल्लेख शेजारी-शेजारी बसले आहेत. द्वारकानाथ कोटणीस 1910 मध्ये सोलापुरात जन्मले, पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि डिसेंबर 1942 मध्ये तिथेच वारले. त्यांचा उल्लेख करताना आपण मराठीतही 'सोलापूरचे सुपुत्र डॉ. कोटणीस' असं सहज म्हणतो. दोन्ही पदांचा आधार एकच, म्हणून समानाधिकरण.

आता नामाच्या शेजारी नामाऐवजी अख्खं वाक्य बसवा. 'द न्यूज' म्हणजेच 'गांधी हॅड बीन अरेस्टेड'. 'द होप' म्हणजेच 'इट विल रेन'. नाम आणि वाक्य यांच्यात 'म्हणजेच' घालता आलं की झालं समानाधिकरण उपवाक्य.

पुस्तकं बदलली की याचं नाव बदलतं, त्याने गोंधळून जाऊ नये. भारतातल्या कित्येक पिढ्यांनी ज्या रेन आणि मार्टिनच्या व्याकरणावर इंग्रजी घोटलं, त्यात हे 'नामवाक्य, नामाच्या समानाधिकरणात' या खात्यात सापडतं. रँडॉल्फ क्वर्क आणि सहकाऱ्यांच्या 1985 च्या मोठ्या व्याकरणात ते अपॉझिटिव्ह क्लॉज या नावाने येतं. हडलस्टन आणि पुलम यांच्या 2002 च्या केंब्रिज व्याकरणाला हे नाव पसंत नाही. ते याला कंटेंट क्लॉज, म्हणजे आशयाचं उपवाक्य, म्हणतात आणि नामाचं पूरक मानतात. पंडितांचा वाद नावाचा आणि वर्गवारीचा आहे. शिकणाऱ्याने ओळखायची वस्तू तिन्हीकडे तीच.

मराठी व्याकरणात या जागेची एक खूणगाठ आधीच बांधलेली आहे. शाळेत गौणत्वदर्शक उभयान्वयी अव्ययांचे प्रकार पाठ करताना पहिला प्रकार येतो 'स्वरूपबोधक': की, म्हणून, म्हणजे, जे. स्वरूपबोधक म्हणजे आधीच्या शब्दाचं स्वरूप, आतला मजकूर उलगडून सांगणारं. समानाधिकरण उपवाक्यातलं 'दॅट' नेमकं हेच काम करतं.

ओळखायच्या तीन खुणा

'काय' हा प्रश्न मराठी मनाला सोपा आहेच, पण इंग्रजी वाक्याच्या अंगावरच्याही तीन खुणा आहेत.

पहिली खूण, 'विच' घालून पाहा. "द न्यूज विच सोलापूर हर्ड" चालतं. "द न्यूज विच गांधी हॅड बीन अरेस्टेड" अजिबात चालत नाही. विशेषण वाक्यातलं 'दॅट' हे सर्वनामासारखं वागतं. ते बातमीच्या जागी उभं असतं, म्हणून त्याच्याऐवजी दुसरं सर्वनाम येऊ शकतं. समानाधिकरणातलं 'दॅट' नुसतं जोडणारं आहे. ते कुणाच्याच जागी उभं नाही, त्यामुळे त्याला बदली चालत नाही.

दुसरी खूण, 'दॅट' झाकून उरलेलं वाक्य वाचा. "गांधी हॅड बीन अरेस्टेड" हे पूर्ण वाक्य आहे, त्यात कुठे भोक नाही. "सोलापूर हर्ड" वाचताच पुढे काहीतरी हवं असं वाटतं. काय ऐकलं? त्या क्रियापदाचं कर्म उपवाक्याबाहेर, 'न्यूज' होऊन बसलं आहे. रिकामी जागा दिसली की विशेषण वाक्य, वाक्य भरलेलं असलं की समानाधिकरण.

तिसरी खूण, नाम आणि उपवाक्य यांच्यात 'इज' किंवा 'वॉज' घाला. "द न्यूज वॉज दॅट गांधी हॅड बीन अरेस्टेड" हे उत्तम इंग्रजी आहे. "द न्यूज वॉज दॅट सोलापूर हर्ड" हे लंगडतं.

काही वाक्यं मात्र दोन्ही घरी जेवतात. "द फॅक्ट दॅट ही फर्गॉट सरप्राइज्ड एव्हरीवन" हे पाहा. तो विसरला, या गोष्टीचं सगळ्यांना आश्चर्य वाटलं, असा एक अर्थ. जी गोष्ट तो विसरला, त्या गोष्टीचं सगळ्यांना आश्चर्य वाटलं, हा दुसरा. 'फर्गॉट' हे क्रियापद कर्मासह आणि कर्माशिवाय दोन्ही प्रकारे वापरता येतं, म्हणून भोक आहे की नाही ते सांगता येत नाही. पहिल्या अर्थात 'काय गोष्ट?'चं उत्तर आहे, दुसऱ्यात 'कोणती गोष्ट?'चं. अशा वेळी मागचा-पुढचा संदर्भच निवाडा करतो.

कोणत्या नामाला मजकूर असतो

प्रत्येक नामाशेजारी असं उपवाक्य बसत नाही. "द चादर दॅट माय ग्रँडमदर युज्ड" हे होईल, पण ते विशेषण वाक्य. 'कोणती चादर?' याला उत्तर आहे. 'काय चादर?' याला कुठल्याच भाषेत उत्तर नाही. चादर, भाकरी, गिरणी, रिक्षा या वस्तूंच्या पोटात वाक्य मावत नाही. ते मावतं बोलण्याच्या, विचाराच्या आणि घटनेच्या नामांत.

अशी नामं तीन वाटांनी येतात. काही क्रियापदांपासून बनलेली: क्लेम, होप, फिअर, बिलीफ, प्रॉमिस, अनाउन्समेंट, सजेशन, डिमांड. ज्या क्रियापदानंतर 'दॅट' येऊ शकतं, त्याच्या नामानंतरही बहुधा येतं. "दे क्लेम दॅट" वरून "द क्लेम दॅट", "वी होप दॅट" वरून "द होप दॅट". काही विशेषणांपासून आलेली: 'पॉसिबल'वरून पॉसिबिलिटी, 'सर्टन'वरून सर्टन्टी. आणि काही स्वयंभू: फॅक्ट, आयडिया, न्यूज, रूमर.

सोलापूरकराला या नामांचा सराव रोजच असतो. पुण्याकडच्या घाटात पाऊस किती झाला, यावर भीमेवरचं उजनी किती भरणार हे ठरतं, आणि 1980 मध्ये पूर्ण झालेल्या या सुमारे 117 टीएमसीच्या धरणावर शेतीपासून नळापर्यंत सगळं अवलंबून आहे. म्हणून इथे उजनी भरेल अशी आशा असते, भरणार नाही अशी भीती असते, भरल्याची बातमी येते, आणि उद्या पाणी सुटणार नाही अशी अफवा तर कधीही येते. "द होप दॅट उजनी विल फिल", "द फिअर दॅट इट वोन्ट", "द न्यूज दॅट इट हॅज", "द रूमर दॅट देअर विल बी नो वॉटर टुमॉरो". धरण एकच आहे. नाम बदलत जातं तशी बोलणाऱ्याची भूमिका बदलत जाते.

सोलापूरच्या भाषा काय करतात

सोलापूरचा माणूस या बाबतीत नशीबवान आहे. त्याच्या कानावर एकाच दिवसात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी पडत असते. विणकर पद्मशाली घरांत तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, मोहल्ल्यांत दख्खनी. 'उजनी भरल्याची बातमी' या चारही भाषांत कशी होते, ते पाहण्यासारखं आहे.

कन्नड म्हणते, "उजनी तुंबिदे एंब सुद्दी." तेलुगू म्हणते, "उजनी निंडिंदने वार्त." कन्नडमधलं 'एंब' आणि तेलुगूतलं 'अने' ही दोन्ही 'म्हणणे' या अर्थाच्या धातूंची रूपं आहेत. म्हणजे शब्दशः 'उजनी भरलं म्हणणारी बातमी'. दख्खनी बोली तीच चाल उचलते: "उजनी भर गया बोलके खबर." आणि मराठी? 'उद्या पाणी येणार नाही म्हणून सांगितलंय' असं आपण दिवसातून दहा वेळा बोलतो. हे 'म्हणून' कारण सांगणारं नाही. ते 'एंब' आणि 'अने' यांचंच भावंड आहे. मजकूर कुणाच्या तरी तोंडी घालून तो पुढच्या शब्दाला जोडायचा, ही दख्खनच्या पठारावरची जुनी पद्धत.

इंग्रजीची रीत वेगळी आहे. तिथलं 'दॅट' हे मूळचं दर्शक सर्वनाम, आपलं 'ते'. बोट दाखवायचं आणि मग ती गोष्ट सांगायची. पण बोट दाखवायची रीत मराठीलाही चांगली येते. 'उजनी भरलं ही बातमी', 'पाऊस येईल अशी आशा' यांतले 'ही' आणि 'अशी' हे दाखवणारेच शब्द आहेत. फरक जागेचा. मराठीत मजकूर आधी येतो, मग दाखवणारा शब्द, मग नाम. इंग्रजीत नाम आधी, मग दाखवणारा शब्द, मग मजकूर. वाक्य आरशात पाहिल्यासारखं उलटं होतं, इतकंच.

मराठीने इंग्रजीसारखा क्रमही कधी वापरला नाही असं नाही. पेशवाईतल्या पत्रांत नमस्कारानंतर 'विनंती ऐसीजे' हे शब्द बऱ्याचदा येतात, आणि पुढे पत्राचा सगळा मजकूर. विनंती, अशी, की. नाम आधी, दाखवणारा शब्द मध्ये, मजकूर शेवटी. आजही 'अशी बातमी आली की उजनी भरलं' हे आपण बोलतोच. इंग्रजीत याला जुळणारं वाक्य आहे "द न्यूज केम दॅट उजनी वॉज फुल." नाम एकीकडे, क्रियापद मध्ये आणि उपवाक्य शेवटी. इंग्रजीत उपवाक्य लांबलचक झालं की ते असं शेवटी ढकलायची सोय आहे, आणि मराठी माणसाला तिचा वापर सर्वांत सोपा जातो. शिकवणाऱ्यांनी सुरुवात इथूनच करावी. 'अशी बातमी आली की'वर हात बसला की मग 'अशी'च्या जोरावर बाकीची वाक्यं वळवायला वेळ लागत नाही.

'हे सत्य', 'असा दावा'

मराठी इथे एक बारकावा सांभाळते, तो इंग्रजीत नाही. आपण 'पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सत्य' म्हणतो, 'असं सत्य' म्हणत नाही. पण 'त्याने पैसे खाल्ले असा आरोप' म्हणतो. जे मान्य आहे, समोर आहे, त्याला बहुतेक वेळा 'हा-ही-हे' लागतं. जे कुणाचं तरी म्हणणं आहे, त्याला 'असा-अशी-असं' लागतं आणि बोलणारा हळूच बाजूला होतो. वर्तमानपत्रांची 'केल्याचा आरोप', 'असल्याची चर्चा' ही रूपंही हेच अंतर राखतात.

इंग्रजीत फॅक्ट असो, क्लेम असो, रूमर असो, पुढे येणारं 'दॅट' तेच. त्यामुळे मराठीत दोन शब्दांत वाटलेलं काम तिथे एकट्या नामाला करावं लागतं. 'असा'चा सावधपणा इंग्रजीत आणायचा तर तो नामाच्या निवडीतूनच आणावा लागतो.

हात अडखळतो त्या जागा

सर्वांत मोठा खड्डा 'ऑफ'चा. 'उजनी भरल्याची बातमी' यातला 'ची' दिसतो आणि लिहिणारा 'ऑफ' घालतो: "द न्यूज ऑफ दॅट उजनी इज फुल." 'ऑफ'नंतर 'दॅट'चं उपवाक्य येत नाही. एकतर 'ऑफ' काढा, "द न्यूज दॅट उजनी इज फुल", नाहीतर 'ऑफ' ठेवून पुढे नाम घ्या, "द न्यूज ऑफ गांधीज अरेस्ट". इथे मराठीचे प्रत्यय वाट दाखवतात. '-ल्याची' किंवा 'असल्याची' दिसलं की बहुधा 'दॅट'. '-ण्याची' दिसलं तर बहुधा 'टु' किंवा 'ऑफ': शिकण्याची संधी म्हणजे "द अपॉर्च्युनिटी टु लर्न", पीक जाण्याची शक्यता म्हणजे "द पॉसिबिलिटी ऑफ लूझिंग द क्रॉप". 'शक्यता'सारखी काही नामं दोन्हीकडे चालतात, "द पॉसिबिलिटी दॅट वी विल लूझ द क्रॉप" हेही बरोबर. 'संधी' मात्र 'दॅट'ला जवळ करत नाही.

दुसरा खड्डा 'दॅट' गाळण्याचा. विशेषण वाक्यात कर्माच्या जागचं 'दॅट' सर्रास गळतं, "द न्यूज वी हर्ड" हे सुरेख इंग्रजी आहे. त्या सवयीने "द न्यूज गांधी हॅड बीन अरेस्टेड रीच्ड सोलापूर" लिहिलं की वाचणारा ठेचकाळतो. लेखी इंग्रजीत समानाधिकरणाचं 'दॅट' ठेवावं हे उत्तम.

तिसरा, काळाचा. मराठीत 'अटक झाली ही बातमी पोहोचली' यात दोन्हीकडे साधा भूतकाळ चालून जातो. इंग्रजीत बातमी पोहोचण्याआधी अटक झालेली आहे, म्हणून 'हॅड बीन अरेस्टेड'.

चौथी जागा मराठी माणसाच्या फायद्याची आहे. मागणी, सूचना, आग्रह या नामांनंतर इंग्रजीत क्रियापद उघडं, मूळ रूपात येतं. डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि सोलापूरच्या बाजार समितीत कांदा घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडी एकच मागणी आली: निर्यातबंदी उठवावी. इंग्रजीत, "द डिमांड दॅट द एक्स्पोर्ट बॅन बी लिफ्टेड." हे 'बी' पाहून मुलं बावरतात, 'इज' किंवा 'विल बी' करून टाकतात. पण 'उठवावी' यातल्या विध्यर्थी 'आवी'चंच ते काम आहे. मराठीत मागणीचा मजकूर 'आवा-आवी-आवे'ने संपला की इंग्रजीत क्रियापद मूळ रूपात घ्यावं, हा नियम जवळजवळ कधी दगा देत नाही.

पाचवी, प्रश्नाची. 'पाणी मिळेल की नाही हा प्रश्न' याला 'दॅट' लागत नाही, 'व्हेदर' लागतं: "द क्वेश्चन व्हेदर द सिटी विल गेट वॉटर." मराठीतलं 'की नाही' दिसलं की 'व्हेदर'.

स्वल्पविरामाचं थोडक्यात. नाम आधीच पूर्ण ओळखीचं असेल आणि उपवाक्य नुसती भर घालत असेल, तर दोन्ही बाजूंना स्वल्पविराम येतात: "हिज ओन्ली फिअर, दॅट द वेल वुड रन ड्राय, केम ट्रू." भीती एकच होती, ती कोणती ते ओघात सांगितलं. एरवी स्वल्पविराम नको.

नाम ठेवतो कोण

आता या साच्याची खरी ताकद. जर्मन भाषाशास्त्रज्ञ हान्स-यॉर्ग श्मिट यांनी 2000 साली अशा नामांवर अख्खा ग्रंथ लिहिला आणि त्यांना कवच-नामं म्हटलं. आपण पाकीट आणि आतलं पत्र म्हणू. उपवाक्य हे आतलं पत्र, आणि नाम हे पाकीट. पाकिटावर काय लिहायचं ते पाठवणारा ठरवतो, आणि वाचणारा पत्र उघडण्याआधी पाकीट वाचतो.

मे 1930 च्या त्या दिवसांत शहरावर इंग्रजांचा अंमल उरला नव्हता, सोलापूर काही दिवस स्वतंत्र होतं, असं सोलापूरकर अभिमानाने सांगतात. हे इंग्रजीत लिहायचं. "द फॅक्ट दॅट सोलापूर वॉज फ्री फॉर अ फ्यू डेज" लिहिलं की लेखकाने शिक्कामोर्तब केलं. "द बिलीफ दॅट" लिहिलं की लोक असं मानतात, लेखक बोलत नाही. "द क्लेम दॅट" लिहिलं की पुरावा द्या, असा सूर आला. "द मिथ दॅट" म्हटलं की खोडूनच टाकलं. आतल्या सहा-सात शब्दांना कुणी हात लावलेला नाही. निकाल बाहेरच्या एका शब्दाने दिला.

त्याच घटनांच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्यावर दोन पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवला गेला. 12 जानेवारी 1931 रोजी चौघांना येरवड्यात फाशी झाली. सरकारी इंग्रजीत त्याआधी "द चार्ज दॅट" असणार आणि निकालानंतर "द फॅक्ट दॅट". 'चार्ज'चं 'फॅक्ट' होण्यावर चार जिवांचा फैसला लागला. सोलापूरने या चौघांना हुतात्मे मानलं आणि चौकात त्यांचे पुतळे उभारले. इतिहास वाचणाऱ्याने उपवाक्याआधी नाम पाहावं, ते यासाठी.

'द फॅक्ट दॅट'चा एक दुसरा रोगही आहे. इंग्रजी लिहिताना ते फुकटचं येऊन बसतं. "ओइंग टु द फॅक्ट दॅट इट रेन्ड" लिहिण्यापेक्षा "बिकॉज इट रेन्ड" पुरतं. अमेरिकेतले प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी 1918 च्या आपल्या लेखनशैलीवरच्या छोट्या पुस्तकात हा शब्दसमूह दिसेल तिथून काढून टाकायला सांगितलं होतं. सल्ला थोडा कडक आहे, कारण खरीखुरी वस्तुस्थिती सांगायची असते तिथे या शब्दसमूहाला पर्याय नाही. पण आपण तो कारणापुरता वापरतोय की वस्तुस्थितीसाठी, हे प्रत्येक वेळी तपासलं तर निम्मी वाक्यं हलकी होतात.

सराव कसा करावा

यासाठी वेगळं पुस्तक लागत नाही. सकाळचं मराठी वर्तमानपत्र घ्यावं, आणि 'असा', 'अशी', 'हा', 'ही', '-ल्याची' यांखाली रेघ मारत जावं. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी कराव्या: नाम शोधायचं, 'काय?' विचारून मजकूर वेगळा काढायचा आणि नाम पुढे, मजकूर मागे असं वाक्य उलटवायचं. उलटवताना मराठी नामाला सर्वांत जवळचं इंग्रजी नाम कोणतं, हे ठरवायला सर्वांत जास्त वेळ द्यावा. 'चर्चा' म्हणजे रूमर की रिपोर्ट? 'दावा' म्हणजे क्लेम की असर्शन? शब्दकोश इथे अर्धाच उपयोगी पडतो, बाकीचं तारतम्य.

तीन वाक्यं करून पाहू. 'गड्ड्याची यात्रा यंदा लांबणार असल्याची चर्चा आहे.' नाम चर्चा, मजकूर यात्रा लांबणार: "देअर इज अ रूमर दॅट द गड्डा फेअर विल बी पोस्टपोन्ड धिस इयर." दुसरं, 'बसगाड्या वाढवाव्यात अशी प्रवाशांची मागणी आहे.' मजकूर 'आवा'ने संपला, तेव्हा क्रियापद उघडं: "द पॅसेंजर्स हॅव मेड अ डिमांड दॅट द नंबर ऑफ बसेस बी इन्क्रीज्ड." तिसरं, 'मंत्र्यांनी दिलेलं आश्वासन हवेत विरलं.' इथे थांबा. काय आश्वासन? वाक्यात उत्तर नाही. कोणतं आश्वासन? मंत्र्यांनी दिलेलं. म्हणजे हे समानाधिकरण नव्हेच, विशेषण वाक्य: "द प्रॉमिस दॅट द मिनिस्टर मेड केम टु नथिंग." इथलं 'दॅट' गाळलं तरी चालेल.